समाजाची शाळा आणि मुलाची शाळा

मूल पाच-सहा वर्षांचे झाले की मध्यमवर्गीय घरात एका विषयावरील चर्चेला अंत राहत नाही. शाळा मराठी असावी की इंग्रजी, जवळची असावी की नामांकित, तिची फी आपल्याला झेपेल की नाही, या तीन प्रश्नांभोवती बहुतेक घरांतील ही चर्चा फिरत असते. परंतु आपल्याच शेजारी राहणाऱ्या आणि आपलीच भाषा बोलणाऱ्या एका लहानशा समाजाला याखेरीज आणखी एक प्रश्न पडतो. तो म्हणजे, मुलाला आपल्या समाजाने स्थापन केलेल्या शाळेत घालावे, की गल्लीतील कोणत्याही चांगल्या शाळेत घालून धर्म आणि परंपरा यांची जबाबदारी घराने उचलावी?

हा समाज म्हणजे बेने इस्रायल, कोकणातील मराठीभाषक ज्यू. भारतातील ज्यूंची संख्या आज पाच हजारांच्या आतबाहेर आहे. इतक्या थोड्या लोकांच्या प्रश्नाने वृत्तपत्राची जागा का अडवावी, असे काही वाचकांना वाटण्याचा संभव आहे. त्याचे उत्तर असे की, संख्या लहान असली म्हणजे प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट दिसते. समाजाने आपल्यासाठी शाळा काढावी ती कशासाठी, ती टिकवावी ती कोणी, आणि पालकाने आपल्या एकुलत्या एका मुलाचे हित पाहावे की समाजाचे, हे प्रश्न आपणा सर्वांचेच आहेत. बेने इस्रायलांच्या बाबतीत ते दीडशे वर्षांच्या अनुभवासह आपल्यासमोर उभे राहतात, एवढाच फरक.

शाळेविना टिकलेली स्मृती

बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून आले ते अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात जोडपी तेवढी वाचली. हे केव्हा घडले यावर अभ्यासकांचे एकमत नाही. परंतु त्यानंतर शतकानुशतके हा समाज कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, गावांत विखरून राहिला, तेल गाळण्याचा व्यवसाय करू लागला, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून शेजाऱ्यांनी त्याला ‘शनवार तेली’ हे नाव दिले, हे सर्वश्रुत आहे. गावावरून आडनाव घेण्याची आपली कोकणी रीत त्यांनीही उचलली. किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर ही नावे ऐकून ती ज्यूंची आहेत हे परक्याला सांगावे लागते.

या दीर्घ काळात त्यांच्याजवळ हिब्रू ग्रंथ नव्हते, धर्मगुरू नव्हते, आणि शाळा तर नव्हतीच. तरीही शब्बाथ पाळणे, मुलाची सुंता, निषिद्ध मासे न खाणे आणि ‘शेमा’ ही मूळ प्रार्थना एवढे त्यांच्यापाशी उरले. सणांना त्यांनी मराठी नावे दिली. योम किप्पूर हा उपवासाचा दिवस घराची दारे लावून पाळला जाई, म्हणून तो दारफळणीचा सण झाला. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनाला बिरड्याचा रोजा हे नाव मिळाले. डेव्हिड राहबी या नावाच्या पुरुषाने पुढे त्यांना धर्माचे विधिवत शिक्षण दिले, असे परंपरा मानते. पण राहबीला शिकवण्यासाठी कोणीतरी ओळखू येण्याजोगे ज्यू उरले होते, हे श्रेय शाळेचे नसून चुलीचे आणि घाण्याचे होते, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. धर्माची स्मृती टिकवण्यास शाळा अपरिहार्य असते, या समजुतीला हा इतिहास पहिला धक्का देतो.

अर्थात त्यातून उलट टोकाचा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. त्या काळी सारे कुटुंब एका गावात, एका व्यवसायात, एका आठवड्याच्या लयीत जगत होते. शनिवारी घाणा थांबला की मुलाला शब्बाथ म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नसे. आज बाप अंधेरीला नोकरीस, आई चर्चगेटला आणि मूल पाळणाघरात अशी स्थिती असताना ‘घरच शिकवील’ असे म्हणणे सोपे असते, करणे सोपे नसते.

1875 ची शाळा

अठराव्या शतकापासून बेने इस्रायल मुंबईस येऊ लागले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मांडवी भागात त्यांचे पहिले सिनेगॉग उभारले. पुढील शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी काढलेल्या शाळांत या समाजाची मुले मोठ्या संख्येने जाऊ लागली. जॉन विल्सन यांनी तर हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता हे उघड आहे. परंतु घडले ते निराळेच. बेने इस्रायलांनी त्यांच्याकडून अक्षरज्ञान घेतले, मराठी बायबल घेतले, हिब्रूही घेतली, आणि ख्रिस्ती धर्म मात्र फारच थोड्यांनी घेतला. परधर्मीयांच्या शाळेत शिकून हा समाज आपल्या धर्माच्या अधिक जवळ गेला, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

मग स्वतःची शाळा कशासाठी? हाईम सॅम्युएल किहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1875 मध्ये इस्रायलाइट स्कूल सुरू केले, त्यामागे दोन गरजा होत्या. पहिली अशी की, हिब्रू शिकण्यासाठी ख्रिस्ती प्रवचन ऐकण्याची अट असू नये. दुसरी, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची, अशी की, गिरणीत, गोदीत आणि पलटणीत काम करणाऱ्या गरीब घरातील मुलांना परवडेल असे शिक्षण मिळावे. लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशननेही या शाळेला साहाय्य केले. पुढे 1930 च्या दशकात सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले आणि माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून ती ओळखली जाऊ लागली. भायखळ्याला ससून घराण्याच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या शाळा होत्या. त्या मुख्यतः बगदादी ज्यूंसाठी काढलेल्या. बगदादी आणि बेने इस्रायल यांच्यात धर्म एक असला तरी भाषा, पेहराव आणि संपत्ती यांचे अंतर होते, आणि ते शाळांतही उतरले. धर्म एक असला म्हणजे शाळा एक होतेच असे नाही, हाही एक धडा आहे. 1960 च्या दशकात ओआरटी या जागतिक ज्यू संस्थेने वरळीला तांत्रिक शिक्षणाची सोय केली. मूळ रशियात 1880 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा भर हाताला कसब देण्यावर होता.

या इतिहासातील तीन व्यक्तींकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे बेने इस्रायल. परंतु त्यांनी मुख्याध्यापकपद भूषविले ते बगदादी ससूनांच्या शाळेचे, आणि तेथे राहून हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. रिबेका रुबेन या 1905 च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या; त्यांचे शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झाले होते. 1922 पासून सुमारे अठ्ठावीस वर्षे त्यांनी इस्रायलाइट स्कूलची, म्हणजे नंतरच्या कदूरी शाळेची, धुरा वाहिली. कवी निस्सीम इझिकेल यांची आई स्वतःची शाळा चालवीत असे, आणि मुलाचे शालेय शिक्षण मात्र भायखळ्याच्या एका कॅथलिक शाळेत झाले. समाजाच्या शाळेला सर्वांत मोठी मुख्याध्यापिका मिळाली ती समाजाबाहेरच्या शाळेने घडवलेली, यात विरोधाभास वाटेल. पण तो वरवरचा आहे. ज्याच्या घरी परंपरा दृढ असते तो परक्या शाळेतून काही गमावून येत नाही. बहुधा कमावूनच येतो.

विद्यार्थी बदलले, पाटी राहिली

1948 मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि पुढील दोन-तीन दशकांत बेने इस्रायलांपैकी बहुसंख्य तिकडे निघून गेले. स्वातंत्र्यानंतर पंचवीस हजारांच्या घरात असलेली भारतातील ज्यूंची संख्या काही हजारांवर आली. परंतु शाळा गलबतात घालून नेता येत नाही. इमारत राहिली, शिक्षक राहिले, विश्वस्त मंडळ राहिले, आणि वर्गातील रिकामे बाक शेजारच्या मुलांनी भरले. आज भायखळ्याच्या ससून शाळेतील बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान आहेत. कदूरी शाळेतही ज्यू विद्यार्थी अपवादानेच आढळतात.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात आश्चर्य वाटणार नाही. शाळेच्या खर्चाचा मोठा भाग स्थिर स्वरूपाचा असतो. वर्गात दहा मुले असोत वा पन्नास, शिक्षकाचा पगार, छप्पर आणि फळा यांचा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून प्रत्येक शाळेला तगून राहण्यासाठी एक किमान पटसंख्या लागते. समाजाची संख्या त्या किमान रेषेखाली गेली की शाळेपुढे दोनच वाटा उरतात: दार बंद करणे, किंवा दार सर्वांना उघडणे. मुंबईच्या ज्यू संस्थांनी दुसरी वाट स्वीकारली. इतिहासाचे उपरोधिक वळण म्हणून याकडे पाहणारे पुष्कळ आहेत. मला त्यात एका समाजाने या शहराचे फेडलेले ऋण दिसते. गरिबांना परवडणारे शिक्षण हा 1875 चा एक हेतू होता. तो आजही पार पडतो आहे, केवळ गरीब मुलांची नावे बदलली आहेत.

परंतु ज्यू पालकाच्या प्रश्नाला यातून उत्तर मिळत नाही. पाटीवर आपल्या समाजाचे नाव आहे, पण वर्गात आपले मूल एकटेच आहे, अशा शाळेला ‘समाजाची शाळा’ कोणत्या अर्थाने म्हणावयाचे?

परदेशांतील तीन वाटा

जगात अन्यत्र हा प्रश्न कसा सोडवला गेला हे पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेत शासन आणि धर्म यांच्यात घटनेने भिंत घातली असल्याने धार्मिक शाळांचा भार बव्हंशी पालकांवर आणि देणगीदारांवर पडत आला आहे. तेथील पूर्णवेळ ज्यू शाळेची वार्षिक फी हजारो डॉलरांच्या घरात असते. दोन-तीन मुले असलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला ती भरताना घराचे हप्ते आणि म्हातारपणाची पुंजी यांना कात्री लावावी लागते, आणि मूल किती होऊ द्यावे हा विचारही या फीशी निगडित होतो, अशी चर्चा तेथे वर्षानुवर्षे चालू आहे.

ब्रिटनमध्ये वाट निराळी आहे. तेथे धार्मिक शाळांचा मोठा भाग सरकारी खर्चाने चालतो. 1732 मध्ये स्थापन झालेली लंडनची जेएफएस ही ज्यू शाळा अशीच सरकारी साहाय्यावर चालते, आणि म्हणून तिच्याकडे प्रवेशासाठी मागणी अधिक. मग प्रवेश कोणाला, हा प्रश्न आला. आई जन्माने अथवा मान्य पद्धतीच्या धर्मांतराने ज्यू असेल तरच मूल ज्यू, या निकषावर एका मुलाला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2009 मध्ये न्यायालयाने हा निकष वंशभेदविरोधी कायद्याचा भंग करतो असा निर्णय दिला. जेथे सरकार पैसा देते तेथे ‘आपला कोण’ हे ठरवण्याचा समाजाचा अधिकार न्यायालयाच्या तपासणीखाली येतो, हा त्याचा अर्थ.

बेने इस्रायलांना ‘आपला कोण’ या प्रश्नाची झळ फार पूर्वी बसली आहे. इस्रायलमध्ये गेल्यावर तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत शंका उपस्थित केल्या, आणि निदर्शने, उपोषणे झाल्यानंतर 1964 मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. आज त्यांची मुले तेथील सरकारी शाळांत जातात. 1953 च्या कायद्याने तेथे सर्वसाधारण आणि धार्मिक असे सरकारी शाळांचे दोन प्रवाह ठेवले आहेत. तेथे हिब्रू आणि सणवार यांची काळजी पालकाला करावी लागत नाही. ते शाळाच देते. मग घराने काय द्यावयाचे उरते? मराठी! दिमोना, लोद, अश्दोद येथील घरांत आजी नातवंडांशी मराठी बोलते, कीर्तनाची आठवण सांगते, मलिद्याचे ताट मांडते, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तेथून निघत आले आहे.

या उदाहरणात आपल्या प्रश्नाची किल्ली आहे असे मला वाटते. मुंबईतील बेने इस्रायल मुलाला शाळा मराठी अथवा इंग्रजी देते आणि हिब्रू घराने द्यावी लागते. दिमोनातील मुलाला शाळा हिब्रू देते आणि मराठी घराने द्यावी लागते. म्हणजे देश कोणताही असो, शाळा बहुसंख्यांचे जे आहे तेच देते. जे थोड्यांचे आहे ते घराला आणि समाजाला द्यावे लागते. शाळा कितीही चांगली निवडली तरी ही वाटणी टळत नाही.

हक्क आणि पटसंख्या

आपल्या घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. अल्पसंख्याक कोण हे राज्यवार ठरवावयाचे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या टी. एम. ए. पै प्रकरणात सांगितले. महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला तो 2016 मध्ये. उशिराने का होईना, हे योग्यच झाले. शिक्षणहक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव जागांच्या तरतुदीतून अल्पसंख्याक शाळांना 2014 च्या निर्णयाने वगळले गेले; त्या निर्णयाविषयी सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने 2025 मध्ये शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्याची भूमिका घेतली.

हे सारे महत्त्वाचे आहे, परंतु हक्क आणि मुले या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शाळा चालवण्याचा हक्क असला तरी शाळा भरेल एवढी मुले नसतील तर तो हक्क कागदावर राहतो. या समाजाला आज नव्या शाळेच्या परवानगीपेक्षा अगदी साध्या गोष्टींची गरज आहे. दारफळणीच्या दिवशी चाचणी परीक्षा आली तर मुलाला ती दुसऱ्या दिवशी देता यावी. आपल्या राज्यात पुष्कळ शाळा शनिवारी सकाळी भरतात. शब्बाथ पाळणाऱ्या मुलाच्या हजेरीवर त्यापायी लाल शाईची रेघ ओढली जाऊ नये. घटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक उपासनेस बसवण्यास मनाई केली आहे. तिची आठवण मुख्याध्यापकांना कोणी करून देण्याची वेळ येऊ नये. यासाठी पैसा लागत नाही, परिपत्रकही लागत नाही. वर्गशिक्षकाने एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

मालाडचा हिशेब

माझ्या परिचयातील एक बेने इस्रायली दांपत्य मालाडला राहते. दोघेही नोकरी करतात. मुलगी पहिलीत जाण्याच्या वयाची. आजोबांचा आग्रह, आपण शिकलो त्या माझगावच्या शाळेतच नातीने शिकावे. आईवडिलांचे मन द्विधा. हा प्रश्न भावनेचा आहे हे मान्य करून त्याचा थोडा हिशेब मांडून पाहू.

मालाडहून लोकलने दादर, तेथे पूल चढून मध्य रेल्वेची गाडी, भायखळ्याला उतरून पुढे बस किंवा पायपीट. गर्दीच्या वेळी दारापासून दारापर्यंत सव्वा तास धरला तर तो कमीच. जाऊन-येऊन अडीच तास. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेचे दिवस वर्षाला किमान 200; म्हणजे प्रवासाचे तास झाले 500. त्याच कायद्याने या वर्गांसाठी अध्यापनाचे किमान तास ठरवले आहेत 800. आठशे तास शिकण्यासाठी सहा वर्षांच्या मुलीने पाचशे तास गाडीत उभे राहावयाचे, आणि पोहोचल्यावर वर्गात तिच्या समाजाचे मूल बहुधा तिच्याखेरीज कोणी नसावयाचे. याउलट घरी किंवा एखाद्या नातेवाइकाकडे आठवड्याला दोन तास हिब्रू वाचन आणि सणवारांच्या कथा असा नेम ठेवला, तर चाळीस आठवड्यांत 80 तास होतात. प्रवासाच्या पाचशे तासांचा सहावा हिस्साही नाही. अर्थशास्त्रात ज्याला संधीचा त्याग म्हणतात त्याचे याहून सोपे उदाहरण वर्गात देता येणार नाही.

म्हणून माझा कौल असा की, या मुलीने मालाडच्या शाळेत जावे. चालत जाता येईल अशा, शेजारच्या मुलांबरोबर जाता येईल अशा शाळेत जावे. आणि शक्यतो मराठी शाळेत जावे, कारण तिच्या समाजाची प्रार्थना हिब्रूत असली तरी तिचा जिव्हाळा मराठीत आहे. पण या कौलाला एक अट जोडलेली आहे. वाचलेल्या पाचशे तासांतील ऐंशी तास खरोखरच परंपरेला दिले गेले पाहिजेत. ते दूरदर्शन संचाला किंवा मोबाइलला दिले गेले तर आजोबांचा आग्रह बरोबर होता असेच म्हणावे लागेल.

येथे विरोधी बाजू मांडणारे म्हणतील, की नोकरदार आईबापांना हे जमत नाही, नेम पहिल्या पावसातच मोडतो, आणि म्हणूनच शाळा नावाची सक्ती लागते. हा आक्षेप गंभीर आहे. त्याला उत्तर एकट्या घरापाशी नाही, चार-पाच घरांनी मिळून चालवलेल्या रविवारच्या वर्गापाशी आहे. ठाण्यात आज महाराष्ट्रातील सर्वांत मोठी ज्यू वस्ती आहे. तेथील सिनेगॉग 1879 चे आहे. उपनगरांत विखुरलेल्या कुटुंबांनी महिन्यातून दोन रविवार तेथे जमणे हे रोज माझगाव गाठण्याहून कितीतरी सुकर आहे. आणि तेथे मुलीला तिच्या वयाची, तिच्या समाजाची चार मुले भेटतील. परंपरा पुस्तकातून येते त्याहून अधिक ती सोबतीतून येते. शाळेची इमारत नाही, पण सोबती आहेत, अशी स्थिती ‘इमारत आहे, पण सोबती नाहीत’ या स्थितीहून बरी.

आपला आरसा

आता हा लेख वाचणाऱ्या मराठी शिक्षकाने, कारकुनाने आणि विद्यार्थ्याने थोडे आपल्याकडे पाहावे अशी विनंती आहे. मुंबईच्या उपनगरांत मराठी माणसानेही आपल्या शाळा काढल्या होत्या. गिरगाव, परळ सोडून मालाड, गोरेगाव, बोरिवलीला आलेल्या मंडळींनी, कधी चाळीच्या दोन खोल्यांत तर कधी पत्र्याच्या शेडमध्ये, वर्गणी काढून वर्ग भरवले. त्यांतून शाळा उभ्या राहिल्या. त्याही समाजाच्या शाळाच होत्या, फक्त समाज धर्माचा नसून भाषेचा होता. त्यांची आजची स्थिती काय आहे? तुकड्या कमी झाल्या, काही बंद पडल्या, काहींनी त्याच इमारतीत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू करून पटसंख्या राखली. बाकांवर आता बहुधा शहरात नव्याने आलेल्या कष्टकऱ्यांची मुले दिसतात. शाळा काढणाऱ्यांची नातवंडे क्वचितच.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते. एखादी संस्था घसरू लागली की तिच्या ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे, किंवा आत राहून आवाज उठवणे. दुर्दैव असे की, ज्यांना दर्जाची सर्वाधिक चाड असते, ज्यांचा आवाज संस्थेला सर्वाधिक उपयोगी पडला असता, तेच सर्वांत आधी निघून जातात. मराठी शाळांचे नेमके हेच झाले. प्रत्येक पालकाने आपल्या मुलापुरता शहाणपणाचा निर्णय घेतला, आणि सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज सामुदायिक हानी ठरली.

बेने इस्रायल आणि आपण यांतील फरक मात्र विसरता येत नाही. ते देश सोडून गेले म्हणून त्यांची शाळा त्यांच्याविना उरली. आपण आहोत तेथेच राहिलो, आणि तरी आपली शाळा आपल्याविना उरली. त्यांच्यापाशी किमान पटसंख्येची अडचण होती. आपल्यापाशी ती कधीच नव्हती. मालाडच्या एकेका रस्त्यावर एक मराठी तुकडी भरेल एवढी मराठी मुले आहेत. मुलीला माझगावला न धाडण्याचा सल्ला मी त्या कुटुंबाला दिला तो अंतराच्या आणि सोबतीच्या हिशेबावर. तोच हिशेब मराठी पालकाला लावला तर उत्तर अगदी उलट येते. त्याची समाजाची शाळा चालत दहा मिनिटांवर आहे, आणि सोबतीही शेजारच्याच घरी आहेत.

पालकाने शाळा निवडताना मग काय पाहावे? माझ्या मते चार गोष्टी. मूल तेथे थकून पोहोचते की ताजेतवाने? शिक्षक वर्षभर टिकतो की दर सहा महिन्यांनी बदलतो? शाळेची भाषा ही घरात प्रश्न विचारण्याची भाषा आहे काय? आणि, ही कसोटी सर्वांत महत्त्वाची, वर्गात जे मूल एकटे आहे, वेगळ्या सणाचे, वेगळ्या भाषेचे, वेगळ्या डब्याचे आहे, त्याला ती शाळा कसे वागवते? आपले मूल आज बहुसंख्यांतील असेल. उद्या बदली होऊन, परदेशी जाऊन, ते एकटे पडणारच नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. एकट्या मुलाला सांभाळणारी शाळा सर्वच मुलांना सांभाळते.

समाजाने शाळा काढावी ती मुलांना आपल्यापाशी कोंडून ठेवण्यासाठी नव्हे, तर जगात जाण्याची त्यांची पायरी भक्कम करण्यासाठी. 1875 मध्ये बेने इस्रायलांनी हे ओळखले होते, आणि म्हणूनच त्यांची शाळा त्यांच्यामागेही कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे. मालाडची ती मुलगी कोणत्याही शाळेत गेली तरी शुक्रवारी संध्याकाळी तिच्या घरात दिवा लागेल, याची काळजी तिच्या आईवडिलांनी घ्यावी. आणि शनिवारी ती वर्गात दिसली नाही तर का दिसली नाही, हे तिच्या शिक्षकांना आणि वर्गसोबत्यांना न विचारता कळावे, एवढी काळजी उरलेल्या आपण सर्वांनी घ्यावी.